पुढच्या निवडणुकीपासून

"तुमचं गाव आता आमच्याकडे राहिलं नाही, काका," खासदारांच्या स्वीय सहायकाने चहा पुढे सरकवला. "पुनर्रचनेत शेजारच्या मतदारसंघात गेलं. तुमच्यासाठी फोन करून साहेबांना काय मिळणार?"

रंगनाथला बायकोसाठी शहरातल्या मोठ्या इस्पितळात खाट हवी होती. शेवंताचं हृदय जेमतेम चालत होतं आणि तिथे खासदारांच्या फोनशिवाय नंबर लागत नव्हता.

तो शेजारच्या खासदारांकडे गेला. चहा तिथेही मिळाला. "गाव आमच्याकडे येणार, पण पुढच्या निवडणुकीपासून," तिथला सहायक म्हणाला. "तोवर तुमचे खासदार जुनेच. काकूंना म्हणावं, थोडा धीर धरा."

शेवंताने जमेल तेवढा धरला.

दशक्रियेच्या दिवशी नदीकाठी मंडप भरला होता. निवडणूक जाहीर झालेली, त्यामुळे शेजारचे खासदार भटजींच्याही आधी पोचले. माइक हातात घेऊन गहिवरले: "शेवंताबाई म्हणजे आपल्या मतदारसंघाची माउली!"

"बघ दादा, आले की साहेब!" धाकटा भाऊ रंगनाथच्या कानाशी पुटपुटला.

रंगनाथने मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "आले रे," तो म्हणाला. "हिनेच जरा घाई केली."