बघून सांगते

भंगारवाल्याने जुन्या कॉम्प्युटरखाली हात घातला, तेवढ्यात नर्स धापा टाकत रक्तपेढीत शिरली. ओ निगेटिव्हच्या चार बाटल्या हव्या होत्या. वरच्या मजल्यावर एक बाई बाळंतपणासाठी आली होती आणि तिची वार भलत्याच जागी चिकटली होती. ऑपरेशन आजच, चारच्या आत करायला हवं होतं. बाटल्या हातात आल्याशिवाय सुरी लावणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं. पेढीत बाटली होती एकच.

पेढीचे साहेब लगबगीने नव्या कॉम्प्युटरकडे वळले. सहा महिन्यांपूर्वी ते इथे आले, तेच मुळी ही नवी प्रणाली घेऊन. एका बोटावर रक्तदाता, असं ते प्रत्येक बैठकीत सांगायचे. आज त्यांनी बोट दाबलं, तर पडद्यावर एक चक्र गरगरत राहिलं. बाहेर रस्ता खोदताना इंटरनेटची केबल तुटली होती आणि ती संध्याकाळपर्यंत काही जोडली जाणार नव्हती. सगळी नावं, सगळे फोन नंबर त्या केबलच्या पलीकडे. जुन्या वह्या साहेबांनीच, कागदाचा पसारा नको म्हणून, मुख्य कार्यालयात धाडून दिल्या होत्या.

खिडकीपाशी त्या बाईचा नवरा उभा होता. दोन्ही हातांनी गज धरून त्याने एकदाच विचारलं, "मिळेल ना साहेब?" साहेबांनी पुन्हा एकदा बोट दाबलं. चक्र गरगरतच राहिलं.

"त्या भंगारवाल्याला जरा बाजूला व्हायला सांगा," कोपऱ्यातून मावशी म्हणाल्या. "बघून सांगते."

मावशी म्हणजे पेढीतल्या कारकून. तीस वर्षांची नोकरी. कुणी काहीही विचारलं, की त्या आधी जुन्या कॉम्प्युटरची बटणं टकटक वाजवायच्या, चष्म्यातून पडद्याकडे निरखून बघायच्या आणि मगच उत्तर द्यायच्या. म्हणून सगळे त्यांना टकटक मावशी म्हणायचे, अर्थात पाठीमागे. त्यांचं टेबल कोपऱ्यात होतं, पडदा भिंतीकडे तोंड करून, मध्ये जेमतेम त्यांची खुर्ची मावेल एवढी जागा. कॉम्प्युटरच्या पाठीवर त्यांनी घरी विणलेला रुमाल टेबलाखालपर्यंत लोंबत असायचा. हे ध्यान एकदाचं जावं म्हणून साहेबांनीच आज भंगारवाल्याला बोलावलं होतं.

मावशींनी खुर्ची पुढे ओढली. टकटक, टकटक. मग त्यांनी फोन उचलून पहिला नंबर फिरवला. कुलुपं दुरुस्त करणारा पंधरा मिनिटांत निघतो म्हणाला. पुन्हा टकटक. दुसरा बेकरीवाला, पण त्याला नको, त्याने गेल्याच महिन्यात रक्त दिलंय. तिसऱ्या म्हणजे शाळेतल्या बाई. त्यांचा जुना नंबर लागायचा नाही, त्या आता मुलीकडे राहतात, तिथला लावू. चौथ्याला कावीळ होऊन गेली, त्याला सोडा. पाचवा बसचा ड्रायव्हर, आज त्याची दुपारपाळी, म्हणजे आत्ता घरीच सापडेल.

साहेब तोंडात बोट घालून बघत राहिले. नव्या प्रणालीत कुणाच्या काविळीसाठी रकाना नव्हता, मग मुलीच्या घरासाठी कुठून असणार? आणि एवढं जुनं यंत्र, पण घरघर नाही की कुरकुर नाही. पूर्वीच्या वस्तूंची गोष्टच वेगळी, असं त्यांना मनापासून वाटलं. भंगारवाल्याला त्यांनी हातानेच जायची खूण केली.

बाराच्या आत तिघेही खाटांवर आडवे होऊन मुठी आवळत-सोडत होते. तीनपर्यंत तपासण्या आटोपून बाटल्या वर गेल्या. साडेपाचला नर्स पुन्हा धावत आली, पण या वेळी हसत. मुलगी झाली होती आणि आई शुद्धीवर येऊन पाणी मागत होती. त्या नवऱ्याने खिडकीतून हात आत घालून मावशींचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. सगळ्या पेढीत आनंदीआनंद झाला. साहेबांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

मग त्यांनी सगळ्यांसमोर आपली चूक कबूल केली. हा कॉम्प्युटर आता भंगारात जाणार नाही, कोपऱ्यातही राहणार नाही, तो दारासमोरच्या मोठ्या टेबलावर मानाने बसेल, असं जाहीर करून ते बाह्या सरसावून स्वतःच तो उचलायला पुढे झाले. मावशी नको नको म्हणत होत्या, पण आज साहेब कुणाचं ऐकणार होते थोडेच? त्यांनी रुमाल बाजूला केला, पडदा कवेत घेऊन उचलला आणि मागची वायर सुटावी म्हणून एक झटका दिला.

वायर कुठूनच सुटली नाही. ती नीट गुंडाळून दोऱ्याने बांधलेली होती आणि दोऱ्याच्या गाठीवर धुळीचा थर साचला होता. साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. त्या कोपऱ्यात वायर लावायला सॉकेटच नव्हतं.

"मावशी," ते हळू आवाजात म्हणाले, "हा कधीपासून बंद आहे?"

"झाली की सात वर्षं," रुमालाची घडी घालत मावशी म्हणाल्या. "बंद पडला त्या दिवशी मी नावं तोंडीच सांगितली, तर कुणी विश्वास ठेवीना. सगळे म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये बघून सांगा. मग मी टेबल या कोपऱ्यात सरकवलं आणि दुसऱ्या दिवसापासून बघून सांगायला लागले."