सहा वाजताचं इंजिन

मेहुण्याने भावोजींच्या जुन्या पिकअपचा गंज खरवडला, इंजिन उतरवून अंगणात ठोकळ्यांवर ठेवलं आणि नवं, कॉम्प्युटरवालं बसवलं. तेव्हापासून ते उतरवलेलं इंजिन रोज सकाळी सहाला गरम लागायचं. आत ना डिझेल, ना ऑइल.

"उन्हानं तापलं असेल," मेहुणा म्हणाला.

"सहाला कुठलं ऊन रे?"

"मग मांजर बसलं असेल."

"चहा उकळेल इतकं?"

मेहुण्याची बहीण जिवंत होती तोवर रोज सहाला, नवऱ्याची अंघोळ होईतो, पिकअप चालू करून तापवून ठेवायची. दोघांनाही तेच आठवलं.

"भावोजी, नव्याला तापवावं लागत नाही. हे जाऊ द्या आता."

भंगारवाल्याने इंजिन उचललं, हात पोळला म्हणून चार शिव्या हासडल्या आणि घेऊन गेला. भावोजींना एकच घोर लागला : आता ती कशासाठी येईल?

दुसऱ्या दिवशी सहाला त्यांनी नव्या बॉनेटवर तळहात ठेवला. थंडगार. डोळे पुसत ते दार उघडून आत बसले आणि बसले तसे टुणकन उठले.

सीट गरम होती.