परका वास

वडील गेल्यापासून तो त्यांचाच स्वेटर घालत होता. रोज नाकाशी धरायचा. पण त्यांचा वास येत नव्हता, रडूही येत नव्हतं. बहीण म्हणालेली, “आता धुऊन टाकू.” मेंदूतल्या पेप्टाइड नावाच्या रसायनाची सुई टोचली की उंदरांचं अंग किती गार पडतं, हे तो प्रयोगशाळेत मोजायचा. आज कामावर परतला, तर सुई टोचण्याआधीच दहाही उंदीर तापलेले. संशोधक बाईंनी तक्ता पाहिला. “अरे, तुझ्या तळहातावर घोरणारे हे, आज तुलाच घाबरले? हा स्वेटर कुणाचा?” “वडिलांचा.” “मग बरोबर. परक्या माणसाचा वास आला की यांचं अंग तापतं, हे नव्या मुलांना तूच शिकवतोस ना? काढ तो, आणि पहिल्यापासून मोज.” “म्हणजे वास आहे अजून?” “आपल्याला नाही येत रे. त्यांना येतो.” त्याने मान डोलावली. मग स्वेटर न काढताच पहिल्या उंदराचं तापमान पुन्हा घेतलं.