स्टेपलरची पिन

शेवट आधी कोणाला कळता कामा नये, म्हणून विक्रोळीच्या आमच्या शाळेत परुळेकर बाईंनी नववीच्या प्रत्येक पुस्तकात एका कथेची शेवटची दोन पानं स्टेपलर मारून बंद केली होती.

बाई ती कथा वाचत होत्या, तेवढ्यात प्रांजल म्हणाली, "बाई, त्याची बायको वारलीये ना? तो रोज दोन कप चहा करतो आणि एक ओतून टाकतो."

"चोरून वाचलंस, आणि वर तोंड करून सांगतेस? उद्या आईला घेऊन ये."

"नाही वाचलं बाई, शप्पथ. बघा ना माझं पुस्तक."

बाईंनी ते हिसकावून घेतलं. मी पहिल्या बाकावर होते. पिन जशीच्या तशी होती.



बाईंनी ती नखाने हळूच उपटली आणि उघडी पानं अख्ख्या वर्गाला दाखवली.