शाईनं लिहिलेलं नाव

"शाईनं लिहा," तिनं फोनवर तिसऱ्यांदा सांगितलं. "पेन्सिलनं नको. तीन नंबरची खोली, गुरुवार ते सोमवार, दोन माणसं."

पलीकडून एका तरुण बाईनं अदबीनं सांगितलं, की शाईनंच लिहिलंय. तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला.

बेटावरच्या त्या छोट्याशा गेस्टहाउसचा एक जुना नियम होता. वहीत पेन्सिलनं लिहिलेलं नाव खोडता यायचं; शाईनं चढलेलं नाव कुणी कितीही गयावया केली तरी मालक खोडत नसत. आजवर चार वेळा तिचं तिथं राहायचं ठरलं होतं. चारही वेळा नाव पेन्सिलनं होतं आणि चारही वेळा ते खोडलं गेलं, तेही तिच्या नवऱ्यापायी. एकदा लग्नाला आठवडाही न झालेलं जोडपं आडवं आलं, एकदा पाय मुरगळलेले कुणी शिक्षक. समोरच्यानं जरा तोंड बारीक केलं की हा विरघळलाच. "आपलं काय, आपण पुढच्या वर्षी जाऊ," म्हणायचा. अशी अठ्ठावीस पुढची वर्षं मागं पडली होती.

नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. नळ, पंप, पंखे, दारांच्या कड्या, दिवसभर त्याच्या हातात पान्हा असायचाच. तिला तो परीटघडी म्हणायचा. रोज दहा-बारा चादरी धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्री करायच्या. एकीवर जरी डाग राहिला तरी ती परत पाण्यात. सगळ्या चादरी लोकांच्याच. दोघं राहत होती त्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यातून पाण्याची टाकी दिसायची.

यंदा मात्र पुढचं वर्ष नव्हतं. गेस्टहाउस महिनाअखेर कायमचं बंद होणार होतं, मालक आता थकले होते. तीन नंबरमध्ये पलंगावर पडलं की समुद्र अगदी उशाशी येतो, असं कुण्या पाहुण्यानं लिहिलेलं तिनं वाचलं होतं. तिला ते एकदा स्वतः पडून बघायचं होतं. मागणं एवढंसंच, पण ते राहून गेलं तर मरेपर्यंत मनाला लागून राहील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मिस्त्रीनं आधी खोट काढून पाहिली. त्या खोलीचा नळ गळतो, म्हणाला.

"मग दुरुस्त करायला सांगा."

"कुणाला?"

"ज्याचं काम आहे त्याला."

तो डोकं खाजवत बसला. जेवण झाल्यावर पान्हा उचलून कामावर गेला, आणि परत आल्यावर त्यानं नळाचं नावही काढलं नाही.

तिनं बॅग भरायला घेतली. टॉवेल घेऊ का, असं त्यानं विचारलं. मुळीच नाही, ती म्हणाली, टॉवेल त्यांनी द्यायचे, चहाही त्यांनीच आणून द्यायचा आणि आपण पडल्या पडल्या प्यायचा. चार दिवसांसाठी मागचं सगळं काम सुनेवर सोपवलं होतं. सून त्यासाठीच शहरातून रजा टाकून आली होती. बिचारीला चादरीची धड घडी घालता येत नव्हती, पण आता तिकडे बघायचं नाही असं सासूनं ठरवून टाकलं होतं.

बुधवारी दुपारी फोन आला आणि मिस्त्रीच्या चेहऱ्यावरूनच तिनं ओळखलं. एका गृहस्थांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी हवापालट सांगितला होता, आणि त्यांना तीन नंबरच हवी होती. तुम्हाला दोन नंबर चालेल का, अशी विचारणा होती.

"अगं, ऑपरेशन झालेला माणूस," मिस्त्री कळवळून म्हणाला. "आपलं काय?"

वाईट तिलाही वाटलं, खोटं कशाला बोला. क्षणभर तिचंही मन डळमळलं. मग तिनं त्याच्या हातून फोन घेतला.

"दोन नंबरलाही वारा चांगला येतो," ती म्हणाली. "त्यांना तिथं उतरवा. एक उशी जास्तीची द्या. तीन नंबरवर नाव कुणाचं आहे?"

"तुमचं."

"शाईनं?"

"शाईनं."

"मग झालं तर." फोन ठेवून ती नवऱ्याकडे वळली. "नियम म्हणजे नियम, असं तुम्हीच म्हणता ना?"

मिस्त्रीनं भरलेली बॅग उचलून दाराशी नेऊन ठेवली.

गुरुवारी धक्क्यावर लाँच लागली तेव्हा चार वाजले होते. उतरलेल्या माणसांच्या मागोमाग ती दोघंही बॅग घेऊन नारळांमधल्या वाटेनं निघाली. तिनं ठेवणीतले कपडे घातले होते. वाटेत एका गळक्या पाइपापाशी मिस्त्री थबकला, तशी तिनं त्याची बाही ओढली. चार दिवस कशाला म्हणून हात लावायचा नाही, अशी तिनं ताकीद दिली.

तिनं फाटक ढकललं. उगाच कुणीतरी पुन्हा आडवं येईल, असं शेवटपर्यंत वाटत होतं. कुणी आलं नाही. काउंटरपलीकडच्या तरुणीनं वही उघडून पुढं सरकवली. नाव होतं, निळ्या शाईत, ठसठशीत. बाकीचे रकाने पाहुण्यांनी स्वतः भरायचे होते. माणसं दोन. मुक्काम सोमवारपर्यंत. 'कुठून आलात' या रकान्यापाशी येऊन मात्र तिचं पेन थांबलं.

"लिहा की, आई," काउंटरपलीकडून सून हसू दाबत म्हणाली.

तिनं सावकाश, एकेक अक्षर नीट काढत लिहिलं: याच घरातून, स्वयंपाकघरामागच्या खोलीतून.