चाळीस अंश

भिंतीवरची पाटी: लेखी आदेशाशिवाय तापमान बदलणाऱ्यास त्याच दिवशी कामावरून काढले जाईल.

कॅटॅलिस्टची दोन रिकामी पिंपं.

‘घाई आहे. चाळीस अंश वाढवा.’ खाली साहेबांची सही, गेल्या महिन्याची.

मामांच्या निवृत्तीला अकरा महिने.

टोपण काढून ठेवलेलं पेन.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. “करा सही, मामा. कॅटॅलिस्ट कमी टाकलंत म्हणून महिनाभर माल घटला. कबूल करा, विषय संपला.”

रिअ‍ॅक्टर सांभाळणारे मामा कागदाकडे बघतही नव्हते. “मोजून टाकलंय. सही करणार नाही.”

“मग रिअ‍ॅक्टर विसरा. उद्यापासून गोदामात पोती मोजा.”

प्रयोगशाळेतल्या बाई न बोलावता आत घुसल्या, हातमोजे न काढताच. “कॅटॅलिस्टनं माल घटत नाही, साहेब! गाडी जाते तिथंच जाते, फक्त लवकर नाहीतर उशिरा. ही रिअ‍ॅक्शन स्वतःच उष्णता सोडते. वरून आणखी तापवलीत की झालेला माल परत फुटतो. ती कुठं थांबणार हे ठरवणारा तिचा समतोल-स्थिरांक फक्त तापमानाला जुमानतो. दाबाला नाही, कॅटॅलिस्टला नाही, तुमच्या खुर्चीला तर नाहीच!”

“आवाज खाली, बाई.”

“चाळीस अंश चढवलेत तुम्ही, आणि खापर यांच्या डोक्यावर? एकदा तरी खाली येऊन काटा बघितलात?”

“काटा बघायला माणसं ठेवलीत.” साहेब हसले. “तापमान उतरवायला मी सांगितलेलं नाही. मंगळवारी सकाळी मी कॅटॅलिस्ट दुप्पट करायला लावलं, मंगळवारपासून माल पहिल्यासारखा. आता शिकवा मला रसायनशास्त्र.”

माल खरंच वाढला होता. आकडे बाईंनीच काढून दिले होते. त्या तणतणत मामांकडे वळल्या. “मामा, तुम्ही तरी बोला! दातखीळ बसलीय का?”

मामांनी पाटीकडे पाहिलं. पेनाला टोपण लावलं आणि ते कोऱ्या राहिलेल्या सहीच्या जागेवर आपटलं.

“गोदामाची किल्ली कुणाकडे असते?”

साहेबांनी बोटानं दार दाखवलं.

सोमवारी पाळी संपवून निघताना मामांनी, कुणालाही न विचारता, तापमान चाळीस अंश खाली आणलं होतं.