धनाजीरावांचा शेवटचा यमन

"साडेपाचच्या आधी," शिवांगी डॉक्टरांचा कागद पुढे सरकवत म्हणाली. "डॉक्टरांनी तेव्हाच लिहून दिलं होतं, आजी. तुमचे यजमान साडेपाचच्या आधीच गेले होते."

कमळाबाईंनी कप बशीत ठेवला. "आणि मग सातपर्यंत पायपेटी कोण वाजवत होतं? भूत?"

"पोलीसही हेच म्हणाले. थिएटरसमोरच्या सेवउसळवाल्याने कोर्टात सांगितलं, 'सात वाग्या सुधी पेटी वागती हती.' म्हणजे सातपर्यंत धनाजीराव जिवंत. डॉक्टर चुकले असं ठरलं. वाजवून झाल्यावर ते मागे जाऊन बसले असतील, म्हणाले. शेवटच्या रांगेत, खुर्चीतच सापडले ना. त्यांच्याच उपरण्याने गळा आवळलेला. आणि सातनंतर कुलूप लावायला आले फक्त माझे आजोबा."

"खुन्याच्या नातीला मी बसवून चहा पाजतेय," कमळाबाई म्हणाल्या. "हेही तुझ्या मोबाइलवर घाल."

शिवांगीने मान खाली घातली, पण ती उठली नाही. जुन्या खुनांचा छडा लावून ती त्यांचे कार्यक्रम मोबाइलवर करायची. हे प्रकरण मात्र कार्यक्रमासाठी नव्हतं. तिचे आजोबा सुभानराव नाटकाचा पडदा ओढायचे. धनाजीरावांच्या खुनासाठी त्यांनी चौदा वर्षं तुरुंगात काढली. आता ते चौऱ्याऐंशीचे होते, बडोद्यातच अकोट्याला खाटेवर पडून.

"त्या दिवशी सहापर्यंत आजोबा बडोद्याबाहेर बाजव्याला होते. भाचीचा साखरपुडा होता. चाळीस माणसांनी पाहिलं. पण वेळच सातनंतरची ठरली, तर त्या चाळीस माणसांना कोण विचारतो? आजोबा म्हणतात, कोर्टाचं जाऊ दे. कमळाबाईंनी एकदा म्हणावं की सुभान्याने नाही केलं. मग मी जायला मोकळा."

"मी का म्हणू? चाळीस वर्षं मी त्या माणसाच्या नावाने बोटं मोडलीत. सवय झालीय हाताला."

पण कागदावरून त्यांची नजर हलेना. त्या एकदम दुसरंच बोलू लागल्या.

"तुम्हा पोरींना काय ठाऊक, काय माणूस होता तो. नाटक असलं की दांडियाबाजारातून माणसं चालत यायची. घरची पोळी-भाजी बांधून. नांदीच्या आधी ते नुसता सा धरायचे. शेंगांची पुडी सोडणारा हात तिथेच थांबायचा. आताच्या त्या डब्यांतून बटण दाबलं की सूर येतो. ती पेटी पायाने हाकावी लागायची. डावा पाय घट्ट होता तिचा, दाबला की खालची फळी करकरायची. मग फळीबरोबर लय धरायची, भांडायचं नाही तिच्याशी..."

"आई," स्वयंपाकघराच्या दारातून सून पद्मा म्हणाली, "फळीचं तुम्हाला कसं ठाऊक?"

कमळाबाईंनी पदर सारखा केला.

"नाही, म्हटलं, आपल्या शिलेदारांच्या घरातल्या बायका थिएटरची पायरी चढत नाहीत, असं तुम्हीच सांगता."

पद्मा हे उगाच म्हणत नव्हती. तीस वर्षांपूर्वी सोसायटीच्या भजनी मंडळात तिला पेटीवर बसायचं होतं. कमळाबाईंनी बसू दिलं नव्हतं. लोकांपुढे वाजवणं आपल्यात नाही, म्हणाल्या होत्या.

"तू भाजी बघ," त्या म्हणाल्या.

"गॅस बंद केलाय," पद्मा म्हणाली, आणि दारातच उभी राहिली.

कमळाबाईंनी कागद ओढून घेतला. अक्षरं त्यांना धड लागत नसत. आकडे येत. "कुठे लिहिलंय?"

शिवांगीने बोट ठेवलं. कमळाबाईंनी तो आकडा स्वतः वाचला.

"मी वाजवत होते," त्या म्हणाल्या.

शिवांगीने कागदावरचं बोट काढून घेतलं.

"सोमवारी थिएटर बंद असायचं. देवळात जाते सांगून मी सहाला मागच्या दाराने शिरायची. सातला निघायची. अर्ध्या तासाने ते निघायचे. दोघं बरोबर दिसलो असतो, तर माझ्या सासऱ्यांनी दोघांचं बोचकं बाहेर टाकलं असतं. लेकाचं आधी."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?" शिवांगीचा आवाज चढला.

"काय बोलू? सगळं बडोदं म्हणत होतं, सातपर्यंत ते जिवंत होते. मला कुणी सांगायला नको होतं. मला ते समोर दिसत होते, खुर्चीत बसलेले. मी खोटं काही बोललेच नाही, असं वाटत होतं." त्यांनी पदराने ओठ टिपले. "घरच्या पुरुषांनी कोर्टाचा कागद मला कधी दाखवला नाही. दाखवला असता तरी मी काय वाचणार होते?"

"मग साडेपाचच्या आधी तिथे कोण होतं?"

"ते तू शोध. तुझं कामच आहे ना. आधी अकोट्याला फोन लाव."

फोन लागला. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. कमळाबाई ताठ बसल्या. "सुभानराव, मी कमळा बोलतेय. तुम्ही नाही केलंत. पेटी मी वाजवत होते. तुमच्या नातीला हे सगळीकडे घालायला सांगतेय, माझ्या नावासकट."

म्हातारा रडत होता. कमळाबाईंनी ऐकून घेतलं. मध्येच फोन ठेवला नाही.

मग पद्मा येऊन त्यांच्या पायाशी बसली. तीस वर्षांत अशी बसली नव्हती. "मामंजी शिकवायचे कसे तुम्हाला?"

"शेवटच्या रांगेतून. मांडीला मांडी लावून बसलं की शिष्याची चूक लाडाने माफ होते, म्हणायचे. रंगमंचावर माझ्यापुरता एक दिवा, ते अंधारात. बोलायचे नाहीत. सूर हलला की खोकायचे. एका यमनात मी बारा-पंधरा खोकले खायची."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी एकही नाही." कमळाबाईंनी दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले. "मी आनंदात घरी आले, ग. आज पहिल्यांदा बिनचूक झालं म्हणून."